तिसऱ्या माळ्यावरचं बारकं भोक

"ती ना? ती भोकं मोजते."

पॅन्ट्रीच्या दारातून मला एवढंच ऐकू आलं. बोलणारी होती रिसेप्शनवरची रेश्मा आणि ऐकणारे परबकाका, आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने लिफ्ट मेकॅनिक. मी हातात रिकामा कप घेऊन बाहेर उभी होते. आत जावं की आपल्या जागेवर परत जावं, हे ठरत नव्हतं. माझं ते तसंही पटकन ठरत नाही.

"कसली भोकं?"

"लिफ्टची."

"लिफ्टीक भोकां खंय असतत गो?"

"मला काय माहीत काका! दिवसभर स्क्रीनवर ठिपके बघत बसते. बोलत तर नाहीच. मागच्या दिवाळीला पेढा दिला तर 'थँक यू' म्हणाली, बास. तेवढंच वर्षाचं."

मी रिकामा कप घेऊन जागेवर परतले. रेश्माचं काही चुकलं नव्हतं. मी भोकं मोजते हेही खरं आणि मी बोलत नाही हेही.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही, असं मला सांगितलं तेव्हा आधी नको म्हणावंसं वाटलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरात ऐकली, बसमध्ये ऐकली, लिहिली फार कमी. शिवाय आमच्या कामात सांगण्यासारखं काय? पण लिफ्टमध्ये तुम्ही रोज चढता, म्हणून सांगते.

आमची कंपनी लिफ्ट सांभाळते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या माळ्यावर, आणि लिफ्ट मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये. महिन्यातून एकदा मेकॅनिक जातो, तेलपाणी करतो, दरवाजे, दोर, ब्रेक बघतो आणि कार्डावर सही करतो. गेली काही वर्षं आम्ही लिफ्टच्या टपावर साबणाच्या वडीएवढी एक डबीही चिकटवतो. लिफ्ट किती थरथरली याची ती सतत नोंद करते. ती थरथर माझ्याकडे येते.

कागदावर काढली तर ती नुसती वेडीवाकडी रेघ असते. म्हणून एक युक्ती करतात. एकापाठोपाठचे तीन क्षण घ्यायचे. पहिल्या क्षणाची थरथर म्हणजे इतकं उजवीकडे, दुसऱ्याची म्हणजे इतकं पुढे, तिसऱ्याची म्हणजे इतकं वर. तिथे एक ठिपका द्यायचा. मग जरा पुढे सरकून पुन्हा तीन क्षण, पुन्हा एक ठिपका. लिफ्ट तेच तेच करते, त्यामुळे ठिपकेही फिरून फिरून त्याच वाटेने येतात. हळूहळू हवेत एक कडं तयार होतं. धडधाकट लिफ्टचं कडं स्वच्छ असतं, बांगडीसारखं.

ते मी पहिल्यांदा पाहिलं एका शनिवारी दुपारी. ऑफिस रिकामं होतं. खिडकीवरच्या पडद्यातून उन्हाच्या पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या. मी माऊसने ते कडं सावकाश फिरवत राहिले, कितीतरी वेळ. बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी लहानपणापासून लिफ्टने वरखाली करते आहे. इतकी वर्षं आपण एका बांगडीच्या आत फिरत होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं वाटलं. त्या संध्याकाळी घरी जाताना लिफ्टमध्ये मी डोळे मिटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बरं नाही का गं?"

या विद्येचं नाव टोपोलॉजिकल डेटा ॲनालिसिस. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले, तिथे ती नव्हती. परदेशातल्या एका प्राध्यापकांची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकून, थांबवून, मागे नेऊन, वहीत काढून काढून दोन वर्षांत ती थोडीफार आली. तिचं म्हणणं साधं आहे: आकडेवारीला आकार असतो. सरासरी काढली की आकार हरवतो. म्हणून सरासरीआधी आकार बघा. कुठे तुकडे पडलेत, कुठे कडं आहे, कुठे पोकळी आहे. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. गप्प बसणाऱ्या माणसांनाही आकार असतो, एवढं तरी कोणीतरी मानलं.

आता भोकांचं. आपल्याला कडं दिसतं, पण कॉम्प्युटरला नुसते सुटे ठिपके दिसतात. त्याला कडं कसं समजणार? आई रविवारी घावन करते तेव्हा बघा. तांदळाचं पातळ पीठ वाटीने तव्याच्या कडेकडेने सोडत ती आत येते. आधी सुटी बेटं पडतात. ती पसरतात, एकमेकांना टेकतात आणि मध्ये मोकळ्या जागा राहतात. पीठ आणखी पसरलं की त्या बुजतात. काही लगेच, काही उशिरा. आम्ही प्रत्येक ठिपक्याला असंच फुगू देतो आणि प्रत्येक भोक कधी पडलं आणि कधी बुजलं, एवढंच लिहून ठेवतो. जे भोक खूप वेळ टिकतं ते खरं. जे पडता पडता बुजतं ती धूळ. धुळीकडे लक्ष द्यायचं नाही. मला असं शिकवलं होतं आणि मी ते मानलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. घाटकोपरच्या एका सेक्रेटरींनी डबीकडे बघत हळू आवाजात विचारलं होतं, "यात कोण कोण आलं-गेलं ते कळतं का? चौथ्या माळ्यावर पाहुणे फार येतात हो." मी मान हलवून नाही म्हटलं तेव्हा त्यांचा डबीतला रसच गेला. बोरिवलीच्या एका बाईंची तक्रार होती की लिफ्ट उसासे टाकते. सगळे हसले. मी तिचं कडं उघडून पाहिलं तर एका जागी खरोखरच किंचित पोचा होता. परबकाका गेले. दाराचं रबर फाटलेलं होतं आणि त्या फटीतून वारा निघत होता. त्यांनी ते बदललं. पंधरा दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन: "आता उसासे बंद झाले. पण करमत नाही."

परबकाकांबरोबर मी पहिल्यांदा साइटवर गेले ती मुलुंडच्या सुखनिवास सोसायटीत. सात माळ्यांची इमारत, गच्चीवर लिफ्टची मशीन रूम. बाहेर पाण्याच्या टाकीचा आवाज, पलीकडे निळसर डोंगर. काकांनी डोळे मिटून मशीनवर तळवा ठेवला, एखाद्या तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाले, "मॅडम, हात ठेवा."

मी ठेवला. ऊब आणि थरथर.

"काय कळलं?"

"काही नाही."

"मग माका तुमच्या ठिपक्यांत काय कळतला?" ते हसले. "पण सांगा. बघू कळता काय."

मी खाली बसून एका जुन्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने कडं काढलं. तीन क्षण, ठिपका, पुन्हा ठिपका. घावनही सांगितलं. महिन्याभरात बोलले नसेन एवढं मी त्या गच्चीवर बोलले. काका कानशिलावरचा घाम पुसत ऐकत राहिले.

"म्हणजे लिफ्ट रोज आपली प्रदक्षिणा घालता."

"हो," मी म्हटलं. त्यापेक्षा चांगलं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

उतरताना त्यांनी मॅडम सोडून दिलं. मी 'बाय' झाले, घरच्या पोरीसारखी. त्यानंतर साइटवरून त्यांचे फोन यायला लागले. "बाय, घाटकोपरची दोन नंबर आज जड चालता, बघ तुझ्याकडे." मी बघायची. बहुतेक वेळा कडं जाड झालेलं असायचं. ते तळव्याने सांगायचे, मी ठिपक्यांनी. आमचं जुळलं की दिवसभर छान वाटायचं.

सुरुवातीला माझी यंत्रणा फार ओरडायची. प्रत्येक बारक्या भोकाला लाल दिवा. मेकॅनिक धावत जायचे, तिथे काही नसायचं. आमचे मॅनेजर दीपक सर एक दिवस माझ्या टेबलाशी आले. "सायली, यातलं खरं काय ते ठरव ना. माणसं वैतागलीत यार."

मी ठरवलं. एक रेषा आखली. त्या रेषेपेक्षा कमी टिकणारी सगळी भोकं पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी स्क्रीन हिरवागार झाला. दीपक सर म्हणाले, "झकास." खोटं कशाला सांगू, मलाही ते फार सुंदर वाटलं. नुसत्या स्वच्छ बांगड्या, एकही कण नाही. पुढे असाही नियम झाला की जे मोठं काम लिफ्ट बंद ठेवून, दोन माणसं लावून करावं लागतं, ते स्क्रीन लाल असेल तरच काढायचं. ब्रेक खोलणं हे त्यातलंच.

मग सुखनिवासमधून काकांचा फोन आला.

"बाय, हय तिसऱ्या माळ्यावर थांबताना लिफ्ट अंग टाकता, खाली बसता. जराशी. तुझ्याकडे काय दिसता?"

"हिरवं आहे काका."

"नीट बघ गो."

मी रेषा हटवून पाहिलं. कड्याला लागून, तिसऱ्या माळ्यावर थांबण्याच्या जागी, मसुराच्या डाळीएवढं एक भोक होतं. पडत होतं आणि लगेच बुजत होतं. बांगडीवर मणी बसवावा तसं. मी काही क्षण त्याच्याकडे बघत राहिले. मग रेषा परत जागेवर ठेवली.

"काही नाही काका. धूळ आहे."

मग ते हसून म्हणाले, "मग असात ठीक. माझे हातच म्हातारे झाले."

त्यानंतर नवव्या दिवशी लिफ्ट तिसऱ्या माळ्याच्या वीतभर खाली थांबली. दरवाजा उघडला. सत्तरी ओलांडलेल्या नेनेकाकू भाजीची पिशवी घेऊन नेहमीच्या सवयीने बाहेर पडल्या, लादीच्या कडेला पाय अडकला आणि उजव्या मनगटावर पडल्या. मनगट मोडलं. त्याच दुपारी काकांनी ब्रेक खोलला. त्याचा लायनर, म्हणजे चाक घट्ट पकडणारी पट्टी, एका बाजूने झिजला होता.

सोसायटीने लेखी उत्तर मागितलं: चूक कोणाची? ऑफिसमध्ये दोन कागद निघाले. एक माझ्या स्क्रीनची छापील प्रत, त्या सगळ्या दिवसांची हिरवी. दुसरा कार्डाची स्कॅन केलेली प्रत. त्यावर छापलेलं वाक्य, 'लिफ्ट सुस्थितीत आहे', आणि खाली परबकाकांची सही. यंत्राने इशारा दिला नाही, माणसाने न बघता सही केली, असं ते सरळ जुळत होतं.

"चूक काकांवर घालणार," रेश्मा मला म्हणाली. ती मला आपणहून काही सांगायला आली ती पहिलीच वेळ असावी. "आठ महिने राहिलेत रिटायरमेंटला. एकतीस वर्षांत एक अपघात नाही माणसाच्या नावावर. आता असं कागदावर लिहून घरी बसवणार. काही बोलत पण नाहीत गं ते."

मी फाइलींच्या कपाटातून मूळ कार्ड काढलं. स्कॅन करणाऱ्याने फक्त पुढची बाजू घेतली होती. मागे काकांचं गिचमीड अक्षर: 'तिसरा माळा. थांबताना अंग टाकते. ब्रेक खोलून बघावा. सायलीमॅडमना फोन केला.' मी ते कार्ड वहीत ठेवलं.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दीपक सरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पुढे जाऊन पाणी पिऊन आले. घरी येऊन सुखनिवासची सगळी नोंद रेषा हटवून पुन्हा लावली. तो मणी रोज किंचित वाढत होता. पहिल्या दिवशी मसूर, मग तूर, मग हरभरा. रोज जरा जास्त टिकत होता, आणि तरी माझ्या रेषेच्या खालीच राहत होता. मी ती चित्रं एकामागून एक लावून पुढेमागे करत बसले. मणी फुगायचा, आक्रसायचा, फुगायचा. श्वास घेतल्यासारखा.

रविवारी आई घावन करत होती. मी ओट्याला टेकून उभी होते. पीठ सोडताना मध्ये एक मोठं भोक राहिलं, तिने वाटीतून थोडं पीठ टाकून ते बुजवलं आणि मग खाली वाकून घावनाकडे बारकाईने बघत राहिली.

"आता काय बघतेस? भोक बुजलं की."

"ते मोठं होय? ते माझ्या हाताचं. त्यात काय बघायचं, कुणालाही दिसतं." तिने उलथनं कडेला सरकवलं. "ही बारकी जाळी बघायची असते. पीठ कसं झालंय ते ही सांगते. जाळी नीट पडली नाही तर मोठं कितीही गोल असू दे, घावन चामट."

मी ताटली घेऊन खिडकीत बसले. खाल्लं नाही बराच वेळ. कड्याच्या मधलं जे मोठं भोक मी इतक्या कौतुकाने फिरवत बसायची, ते काय सांगत होतं? लिफ्ट वर जाते आणि खाली येते. हे तर नेनेकाकूंनाही माहीत होतं. ब्रेकची गोष्ट त्या जाळीत होती. काकांचा तळवा ती जाळी वाचत होता आणि मी ती पुसून त्यांना सांगितलं होतं, काही नाही. एकतीस वर्षांच्या हाताने माझ्या एका वाक्यावर स्वतःवरचा विश्वास सोडला. नेनेकाकूंच्या मनगटाइतकंच मला हेही लागलं.

सोमवारी मीटिंग. एका बाजूला सुखनिवासचे चेअरमन आणि सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला दीपक सर. परबकाका इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आलेले, हात मांडीवर. मी टेबलाच्या टोकाला लॅपटॉपपाशी, माझी चित्रं भिंतीवर दाखवायला. मीटिंग इंग्रजीत चालली होती. इंग्रजीत मला सगळं येतं, फक्त चार माणसांत बोलणं येत नाही.

भिंतीवर हिरवं कडं होतं. दीपक सर त्याकडे बोट दाखवून सांगत होते की यंत्रणेत कुठलीही धोक्याची खूण नव्हती, सगळ्यांनी स्वतः बघावं.

सेक्रेटरी एकदम मराठीत आले. "म्हणजे यंत्राने बघितलं, माणसाने बघितलंच नाही. असंच ना परब?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते फोनचं सांगतील. त्यांनी नजर टेबलावर आणली.

"माझोच हात चुकलो असतलो," ते म्हणाले. "वय झालं साहेब."

दीपक सरांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. खोलीत एसीची बारीक घरघर होती. मला वाटलं, मी पाण्याखाली बसले आहे आणि सगळे वरून बोलत आहेत. ते कडं भिंतीवर सावकाश फिरत होतं, निर्मळ, गोल. माझं इतक्या वर्षांचं सगळ्यात आवडतं चित्र. मी रेषा काढून टाकली.

कड्याच्या कडेला मणी उमटला. मी पुढचा दिवस लावला. मग त्याच्या पुढचा. मणी वाढत गेला. शेवटच्या दिवशी तो हरभऱ्याएवढा झाला होता.

"सायली," दीपक सर म्हणाले, "हे काय आहे?"

वहीतून कार्ड काढून मी ते टेबलावर पालथं ठेवलं, मागची बाजू वर करून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले आणि बोलले ते मराठीत:

"हे भोक आहे सर. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. काकांनी फोन करून मला सांगितलं होतं, कार्डावर लिहिलंही आहे. त्यांचा हात चुकला नाही. धूळ समजून मी ते पुसलं."